देवल क्लब आणि टेंब्यांची पेटी

कोल्हापूरच्या गायन समाज देवल क्लबाचं स्थापना वर्ष १८८३. शाहू महाराज करवीरच्या गादीवर दत्तक यायच्या आधीचं. दरबारच्या आश्रयाला आलेले, नाटक कंपन्यांबरोबर आलेले, मिरज-सांगलीकडून येताजाता उतरलेले गवई इथं गाऊन जायचे आणि गावातली रसिक मंडळी मांडी घालून ऐकत बसायची. पुढच्या काळात क्लबात रीतसर वर्ग सुरू झाले, परीक्षा आल्या, इमारत बदलली. पण या संस्थेची खरी शाळा म्हणजे ही बैठक, असं माझं मत आहे. त्याला पुरावा एकच देतो: पेटीवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे.

टेंब्यांचा जन्म १८८१ चा. पेटी ते जवळजवळ स्वतःच्या बळावर शिकले, पण संगीतातला आपला श्रीगणेशा देवल क्लबात झाला हे ऋण त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. पेटीवाल्याची अडचण मोठी असते. गळ्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, पट्ट्यांवर येत नाही. सूर ठरावीक आणि सुटे. मग एक पट्टी सुटण्याआधी दुसरीवर बोट टेकवायचं, भात्याचा दाब कमी-जास्त करत सूर जोडून घ्यायचा, आणि गवयाचा श्वास कुठं संपतो तिकडं कान ठेवायचा. हे पुस्तकातून येत नाही. साथीला बसूनच येतं.

टेंब्यांना साथीला बसायला मिळालं ते गवई भास्करबुवा बखल्यांच्या. बुवांनी त्यांच्या हाताला वळण लावलं. आणि १८९५ पासून कोल्हापूर दरबारी गवई होते अल्लादियाखाँसाहेब. खाँसाहेबांची तान सरळ रस्त्यानं कधी जायची नाही. पुढचं वळण कुठलं, हे साथीदाराला आधी कळणं मुश्कील. टेंबे त्यांचे गंडाबंध शागीर्द नव्हते, तरी त्यांची गायकी त्यांनी ऐकून, साथ करून आत्मसात केली. खाँसाहेबांचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. (शिष्य नसलेल्यानं चरित्र लिहावं, यात क्लबाच्या बैठकीचं श्रेय कुणी मोजलंय?)

या कानांची कमाई १९११ साली महाराष्ट्राला कळली. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाला टेंब्यांनी चाली दिल्या आणि ठुमरी, दादरा, कजरी या पूरबेकडच्या वळणांना मराठी रंगभूमीवर जागा मिळाली. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्या बरोबरीनं ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले; पुढं स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. १९३२ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीनं मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ काढला, त्याचं संगीत टेंब्यांचं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. या बोलपटाची गाणी करणारा माणूस क्लबाच्या बैठकीत तयार झाला होता, हे आपण कोल्हापूरकरही विसरतो.

गंमत अशी की ज्या वाद्यानं त्यांचं नाव झालं, त्याच पेटीला ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली दारं बंद केली. पेटी परदेशी, तिचे सूर आपल्या गाण्याला जुळत नाहीत, हा आक्षेप. त्यात तथ्य होतं, पण महाराष्ट्रातलं गाणं घरोघरी पोचलं ते पेटीवरूनच. टेंबे १९५५ साली गेले तेव्हाही बंदी उठली नव्हती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

आज क्लबाच्या रंगमंदिराला टेंब्यांचं नाव आहे. गावात पेटी-तबल्याचे वर्ग भरपूर आहेत, शाळांच्या स्नेहसंमेलनात वाद्यवृंदही उभे राहतात. परीक्षा देणारी मुलं वाढली. बैठकीला येऊन बसणारी तेवढी वाढलेली दिसत नाहीत. मुलांना क्लासला घालणाऱ्या आईबाबांना आणि शाळेतल्या संगीतशिक्षकांना एवढंच सांगणं आहे: परीक्षेच्या तारखेबरोबर मैफलीची तारीखही वहीत लिहून ठेवा, आणि मुलांना पेटीवाल्याची बोटं दिसतील अशा जागी बसवा.