तंबाखू सोडण्याचा निर्धार : बुलढाणा जिल्हा

तंबाखू सोडण्याचा निर्धार म्हणजे निकोटिनचे व्यसन सोडताना पहिल्या दिवशीचा निश्चय पुढे आठवडे-महिने टिकवण्याची प्रक्रिया. या विषयावरचे बरेच लेखन सिगारेट ओढणाऱ्याला समोर ठेवून होते. बुलढाण्यासारख्या वऱ्हाडी जिल्ह्यात ते अपुरे पडते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत (2016-17) महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत असल्याचे आढळले; त्यात ओढणारे 3.8 टक्के, तर खाणारे किंवा दातांना लावणारे 24.4 टक्के होते. काही जण दोन्ही करतात. म्हणून विडी-सिगारेटच्या जोडीला चुन्यात मळलेली चिमूट, गुटखा, खर्रा आणि मिश्री यांचाही विचार येथे करावा लागतो. विडी टाकून पुडी धरणाऱ्याचे निकोटिन सुटलेले नसते.

धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. चघळलेल्या तंबाखूतले तोंडाच्या अस्तरातून सावकाश शिरते. चुन्यामुळे ते अधिक सहज शोषले जाते. रक्तातले प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते आणि तलफ लागते. सोडल्यानंतर चिडचिड, अस्वस्थपणा, झोपमोड व वाढलेली भूक यांचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. हे वेळापत्रक माणसाला आधीच सांगून ठेवले पाहिजे. ते ठाऊक नसले की तिसऱ्या दिवसाचा त्रास जन्मभराचा वाटू लागतो आणि निर्धार तिथेच मोडतो.

‘सकाळची चिमूट घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार खोटी नाही. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते. ते थांबले की काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकते. अशा माणसाला मनोबलावर प्रवचन देऊन काही साधत नाही. कोमट पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सकाळचे चालणे आणि गरज पडल्यास इसबगोल यांनी ते दिवस निघतात. मिश्रीचेही तसेच आहे. अनेक बायकांच्या हाती ती दाढदुखीवरचा उपाय म्हणून येते. दाढेवर उपचार झाले नाहीत, तर दुखणे उठताच डबी उघडणारच. तिथे दंतवैद्य हाच पहिला समुपदेशक ठरतो. शेतातला प्रसंग आणखी अवघड असतो. निंदणीच्या किंवा कापूस वेचणीच्या विसाव्यात चुन्याची डबी हातोहात फिरते आणि ‘नको’ म्हटले की आपुलकी नाकारल्यासारखे होते. सोडणाऱ्याने सोबत्यांना आधीच सांगून ठेवणे म्हणूनच फार मोलाचे. त्या वेळी हातात देण्यासाठी बडीशेप किंवा भाजलेले फुटाणे जवळ असावेत. त्यात सुपारी नसावी. तिच्यानेही तोंडाचा कर्करोग होतो.

व्रताचा आधार या जिल्ह्यात खोलवर आहे. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सुमारे महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. तुळशीची माळ घातलेल्याने मद्य-मांस वर्ज्य करावे ही वारकरी रीत. कित्येक माळकरी तंबाखूही त्यातच धरतात. महिनाभराच्या मुदतीत शारीरिक ओढ बरीचशी उतरते, म्हणून वारी किंवा चातुर्मास ही सोडण्याची उत्तम सुरुवात आहे. धोका असतो तो मुदत संपते त्या दिवशी. तेव्हा शरीराची मागणी मंदावलेली असते, जुनी संगत आणि टपरी मात्र जागेवर असते. रमजानचे गणित वेगळे आहे. रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तंबाखू वर्ज्य असते, पण इफ्तारनंतर विडी पेटली तर शरीराची सवय तुटत नाही. दिवसभर राहता येते हा अनुभव मात्र खरा असतो आणि तो रात्रीपर्यंत ताणता येतो.

एखादा झुरका किंवा चिमूट घेतली गेली म्हणजे सारे वाया गेले, ही समजूत फार घातक आहे. अनेकांना कायमचे सोडण्यापूर्वी बऱ्याचदा प्रयत्न करावे लागतात. कुठे, कोणाबरोबर, कोणत्या वेळी हात गेला एवढे पाहून त्याच दिवशी पुन्हा बंद करणे हाच उपाय.

राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि 2003 च्या केंद्रीय कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास 200 रुपयांपर्यंत दंड होतो. सोडणाऱ्याच्या थेट उपयोगाची आहे ती 1800-112-356 ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा. तिथे मराठीतूनही समुपदेशन मिळते आणि सोडण्यासाठी ठरवलेल्या दिवसानंतर तिथून विचारपूस होते. समुपदेशनाला औषधाची जोड दिली तर यश मिळण्याची शक्यता आणखी वाढते. गरोदर स्त्रिया व हृदयरोग्यांनी औषध घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. निकोटिनचे च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळते, पण ते वापरण्याची पद्धत शिकून घ्यावी लागते. चव तिखट लागेपर्यंत हळू चावायचे, मग गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवायचे, चव विरली की पुन्हा चावायचे. सतत चघळल्यास निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या व मळमळ होते आणि माणूस औषधच टाकून देतो.