विजेची सोयरीक

माणसाने वीज घरात आणली, त्याला आता दीड शतक होत आले. या काळात वीजनिर्मितीचा इतिहास पुष्कळांनी सांगितला. धरणे, जनित्रे आणि डोंगर ओलांडून जाणारे मनोरे यांची वर्णने विपुल झाली. परंतु वीज आणि तिच्यावर चालणारे उपकरण यांची गाठ जेथे पडते, त्या जोडणीच्या इतिहासाकडे क्वचितच कोणाचे लक्ष गेले. खरा घोटाळा होतो तो मात्र तेथेच. भ्रमणध्वनीसाठी चार्जर निवडताना आज घरोघरी प्रश्न पडतो, की हा चालेल काय, याने बॅटरी बिघडेल काय? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. मुंबई शहराने तो फार मोठ्या प्रमाणावर अनुभवलेला आहे, आणि तो सोडविण्यासाठी त्याला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

१८८२ साली मुंबई नगरपालिकेने क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळण्याचा करार एका कंपनीशी केला. पुढच्याच वर्षी त्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. विजेने मुंबईत खरे बस्तान बसविले ते १९०५ मध्ये, वाडीबंदर येथे वाफेवर चालणारे वीजघर उभे राहिले तेव्हा. १९०७ च्या मे महिन्यात रस्त्यांवरून विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या. १९१५ साली सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले पावसाचे पाणी खोपोलीस उतरले आणि त्यापासून निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे मुळशीच्या धरणाला विरोध करण्यासाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. शहराला मिळणाऱ्या विजेची किंमत कोणीतरी आपल्या जमिनीने भरीत असतो, हे महाराष्ट्राला तेव्हाच कळून चुकले होते.

आता प्रश्न होता तो ही वीज कोणत्या रूपात वापरावी हा. विजेच्या दोन गोष्टी नीट समजल्या म्हणजे पुढचे सारे सुलभ होते. उंचावरील टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याला टाकीच्या उंचीमुळे जोर येतो, तो जोर म्हणजे दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून दर क्षणाला किती पाणी वाहते, तो प्रवाह. तो अ‍ॅम्पिअरमध्ये मोजतात. दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते, तिचे माप वॅट. शिवाय प्रवाह दोन जातींचा असतो. एकाच दिशेने वाहतो तो एकदिश, आणि क्षणोक्षणी दिशा पालटतो तो प्रत्यावर्ती. घरातील भिंतीच्या आड असते ती वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती, सेकंदाला पन्नास आवर्तने करणारी. बॅटरीला हवी असते ती मात्र एकदिश.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरपासून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने भारतातील पहिली विजेची आगगाडी धावली. तिच्या माथ्यावरील तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह खेळत होता. गाडी ओढणाऱ्या मोटारी त्या काळी एकदिश प्रवाहावरच उत्तम चालत; म्हणून ती निवड तेव्हा योग्यच होती. १९३० पर्यंत ही तार बोरघाट चढून पुण्याला आणि थळघाट चढून इगतपुरीला पोहोचली. परंतु १९५७ च्या सुमारास भारतीय रेल्वेने पुढील विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह पत्करला. त्यामागचे गणित साधे होते. दाब वाढविला की तेवढीच शक्ती वाहून नेण्यास प्रवाह कमी लागतो. या प्रमाणात तो सुमारे सतरावा हिस्सा होतो. प्रवाह कमी, तर तारेतील उष्णता कमी, तार बारीक आणि वीजउपकेंद्रेही थोडी.

देशाने नवे माप घेतले आणि मुंबईजवळ जुने राहिले. परिणामी दोन मापांची सीमा महाराष्ट्रातून गेली. इगतपुरीला गाडी थांबे, एक एंजिन सुटे आणि दुसरे लागे. विरारच्या पुढे तीच अडचण होती. ती टाळण्यासाठी दोन्ही प्रवाहांवर चालणारी एंजिने चित्तरंजनच्या कारखान्यात बांधण्यात आली आणि १९७५ पासून ती वापरात आली. शेवटी सबंध यंत्रणाच बदलण्याचे ठरले. लाखो प्रवाशांची रोजची ये-जा न थांबविता हे काम करावयाचे होते. पश्चिम रेल्वेवर ते २०१२ साली पूर्ण झाले आणि १९२५ मध्ये जेथे प्रारंभ झाला होता त्या हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये एकदिश प्रवाहाने अखेरचा निरोप घेतला. प्रारंभी दोन मापे मान्य करणे सोपे असते. ती एक करणे किती महाग पडते, त्याचा हा धडा होय.

घरातील विजेने हा धोका एका युक्तीने टाळला होता. ती युक्ती म्हणजे आकाराला बोलावयास लावणे. तीन गोल दांड्यांचा प्लग भारताने इंग्रजांकडून घेतला. १९४७ साली खुद्द इंग्लंडने चपट्या दांड्यांच्या नव्या प्लगचे मानक केले, परंतु भारतात गोल दांड्याच राहिल्या. सहा अ‍ॅम्पिअरचा प्लग लहान आणि सोळा अ‍ॅम्पिअरचा जाड. पाणी तापविण्याच्या यंत्राचा जाड प्लग दिव्याच्या सॉकेटमध्ये शिरतच नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हा नियम कळतो, कारण तो कागदावर नसून पितळेत कोरलेला असतो.

छोट्या उपकरणांच्या जगात ही शिस्त मुळीच नव्हती. ३१ जुलै १९९५ रोजी भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले, आणि थोड्याच वर्षांत घरात जितके फोन तितके चार्जर झाले. नोकियाच्या फोनांची जाड पिन आणि बारीक पिन हे शब्द गावोगावच्या दुकानांत रूढ झाले. रेडिओ, विजेरी, दाढीचे यंत्र यांच्या गोल पिना तर अधिकच फसव्या होत्या आणि अजूनही आहेत. पाच, नऊ आणि बारा व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरांना एकाच मापाची पिन असू शकते. कोठे मधला भाग धन असतो, तर कोठे ऋण. येथे आकार खोटे बोलतो. पिन बसली म्हणून बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर पाच व्होल्टच्या उपकरणाला लावला, तर ते उपकरण क्षणात निकामी होऊ शकते.

हा पसारा आवरण्याचा पहिला मोठा प्रयत्न सरकारी पातळीवर चीनने २००७ साली केला. १९९६ मध्ये संगणकासाठी निघालेली यूएसबी जोडणी फोनच्या चार्जरला लावण्याचे त्याने ठरविले. २००९ मध्ये युरोपात प्रमुख उत्पादकांनी स्वेच्छेने मायक्रो यूएसबी स्वीकारण्याचा करार केला. परंतु स्वेच्छेच्या करारात पळवाटा राहतातच. २०१४ साली टाइप-सी ही जोडणी आली. ती उलटसुलट कशीही बसते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना ती सक्तीची केली. टाकून दिलेल्या व न वापरलेल्या चार्जरांचा कचरा तेथे वर्षाला सुमारे ११,००० टन होतो, असा त्या संघाचा अंदाज होता. भारतातही नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या बैठकीत याच जोडणीच्या बाजूने सहमती झाली, आणि भारतीय मानक ब्युरोने तिचे मानक प्रसिद्ध केले.

येथे एक बारकावा ध्यानी घेतला पाहिजे. टाइप-सी जोडणीत आकार क्षमतेविषयी काहीच सांगत नाही. पाच वॅटचा चार्जर आणि शंभर वॅटचा चार्जर बाहेरून सारखेच तोंड दाखवितात. मग फोन जळत का नाही? कारण येथे आकाराऐवजी उपकरणेच परस्परांशी बोलतात. जोडणी होताच चार्जर प्रथम केवळ पाच व्होल्ट देतो, आपल्याजवळ नऊ, पंधरा किंवा वीस व्होल्टही आहेत असे तारेतून कळवितो, आणि फोनने मागणी केल्यावरच दाब वाढवितो. जलद चार्जिंगसाठी दाब वाढविण्याचे कारण रेल्वेचेच आहे: तार तापू नये आणि शक्ती मात्र अधिक मिळावी. सोयरीक जुळविताना दोन्ही घरांनी आधी विचारपूस करावी, तसाच हा प्रकार.

यावरून निवडीचे नियम आपोआप निघतात. पहिला नियम दाबाचा: गोल पिनेच्या उपकरणाला त्यावर छापलेल्याच व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर हवा, आणि धन-ऋणाची खूणही जुळली पाहिजे. दुसरा प्रवाहाचा: चार्जरवरील अ‍ॅम्पिअरचा आकडा उपकरणाच्या गरजेइतका किंवा अधिक असावा. अधिक असल्याने अपाय होत नाही. टाकी मोठी म्हणून पेला आपोआप भरून वाहत नाही. उपकरण हवा तेवढाच प्रवाह ओढते. फोनच्या बॅटरीत तर तो किती जाऊ द्यावा हे फोनमधील मंडलच ठरविते, आणि साधारण ४.२ ते ४.५ व्होल्टच्या मर्यादेवर घट भरला की तो तोडते. तिसरा नियम भाषेचा: काही कंपन्यांची जलद चार्जिंगची भाषा त्यांची स्वतःची असते, परका चार्जर लावला तर फोन भरतो, पण सावकाश. चौथा तारेचा: टाइप-सीच्या दोन्ही तोंडांची साधी तार तीन अ‍ॅम्पिअरपर्यंतच नेते, लॅपटॉपसारख्या उपकरणाला पाच अ‍ॅम्पिअरची तार मुद्दाम पाहून घ्यावी लागते.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा. चार्जरच्या छोट्या डबीत एका बाजूला २३० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला माणसाचा हात असतो. मध्ये असते ते रोहित्राचे निरोधन. स्वस्त नकली चार्जरात काटकसर होते ती बहुधा याच निरोधनात, आणि ती बाहेरून दिसत नाही. म्हणून भारतीय मानक ब्युरोची खूण व तिच्याखाली ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहणे हा उपचार नसून सुरक्षिततेचा प्रश्न आहे. २०१२ च्या आदेशाने सुरू झालेल्या सक्तीच्या नोंदणीत अ‍ॅडॅप्टर, पॉवर बँक आणि भ्रमणध्वनी यांचा पुढे समावेश झाला, तो याचसाठी.

मापांचा इतिहास हा वरवर नीरस वाटणारा विषय आहे. पण उत्पादकांचे एकमत झाले नाही, की त्या मतभेदाचा भुर्दंड प्रवाशाला, गृहिणीला आणि गावातल्या ग्राहकाला पडतो. इगतपुरीच्या फलाटावर खोळंबलेली गाडी आणि कपाटाच्या खणात गुंता होऊन पडलेले निरुपयोगी चार्जर, ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत. पहिली दुरुस्त झाली आहे. दुसरी दुरुस्त होण्यास कायद्याची जितकी गरज आहे, तितकीच चार्जर विकत घेण्यापूर्वी त्यावरील बारीक अक्षरे वाचणाऱ्या ग्राहकाचीही आहे.