पाथरीचे गणिती आणि पाटीपुढचे भय

पाथरीचे नाव निघाले की आपल्याला साईबाबांच्या जन्मस्थानाची चर्चा आठवते. गणित मात्र कोणालाच आठवत नाही. वास्तविक, गोदाकाठचे पार्थपूर म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातील पाथरीच, असे अभ्यासक मानतात. तेथे ज्ञानराजाने शके १४२५ च्या, म्हणजे इ. स. १५०३ च्या सुमारास 'सिद्धांतसुंदर' हा ज्योतिषग्रंथ रचला. त्याचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ साली आणि 'लीलावती'वर १५४१ साली टीका लिहिली. या दुसऱ्या टीकेचे नाव 'गणितामृतकूपिका'. ज्या विषयाच्या नुसत्या नावाने आज मुलांच्या पोटात गोळा येतो, त्याला आमच्या पाथरीकराने अमृत म्हटले होते!

११५० सालची 'लीलावती' पाहिली म्हणजे यातले मर्म कळते. तीत भुंगे आहेत, कमळे आहेत, सापावर झेपावणारा मोर आहे. आणि प्रश्न विचारताना 'बाले' अशी मायेची हाक आहे. ती लीलावती आचार्यांची कन्या होती की नाही, हा दंतकथेचा भाग आपण सोडून देऊ. शिकणाऱ्याला आधी जवळ बसवावे आणि मग कोडे घालावे, ही रीत मात्र दंतकथा नव्हे.

पुढे पंतोजींची शाळा आली. पावकी, निमकी, दिडकी यांची घोकणी आम्ही तुच्छ मानीत नाही. पाढा तोंडी असला म्हणजे मन मोकळे राहते आणि अवघड पायरीकडे लक्ष देता येते. मानवत-सेलूच्या बाजारात कापसाचा हिशेब तोंडी करणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक होते. पण पाढ्याने मोकळे केलेले मन छडीने पुन्हा भयाने भरून टाकले. निजामी राजवटीत तर १९४८ पर्यंत आणखी एक ओझे होते: घरचे पाढे मराठीत आणि वरच्या वर्गातले गणित उर्दूत.

भय म्हणजे बुद्धिमांद्य नव्हे, हे आता प्रयोगांनीही दिसू लागले आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात ते नऊ वर्षांच्या मुलांना आठ आठवडे एकेकट्याने जवळ बसवून गणित शिकवले. २०१५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना फार धास्ती होती त्यांची धास्ती उतरली. इतकेच नव्हे, तर मेंदूतील भयाशी निगडित केंद्राची खळबळही कमी झालेली दिसली. काळजीत गुंतलेल्या मनाला हातचा धरून ठेवायला जागा उरत नाही. सरावाने आणि सोबतीने ती जागा परत मिळते.

आमच्या भाषेत एक अडचण आणखी आहे. सूर्यदासाच्या नावावर एक विलोमकाव्य आहे: सुलटे वाचावे तर रामकथा, उलटे वाचावे तर कृष्णकथा. तो पंडिताचा विलास झाला. पण आमच्या लहान मुलाला रोजच विलोमवाचन करावे लागते. 'सत्तावन्न' म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना पाच! २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास सात' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगितली. काहींनी तिची थट्टाच केली. भाषेचे जुने शब्द आम्हांलाही प्रिय आहेत. पण ते टिकविण्याचा भार सात वर्षांच्या पोराने रडत वाहावा, हा कोणता न्याय?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील छडीला बंदी केली. 'एवढेही येत नाही?' या घरातल्या वाक्याला मात्र कायदा पोचत नाही. तेथे आपणच पोचले पाहिजे. आज घरी गेल्यावर मुलाच्या वहीपाशी घटकाभर बसावे, चुकलेले उदाहरण त्याच्याच तोंडून ऐकावे, आणि पुढची पायरी त्याला सापडेपर्यंत थांबावे. पाथरीच्या त्या अमृताचा एक घोट एवढ्यानेही त्याच्या वाट्याला येईल.