यवतमाळ प्रांतींचे कोलाम आणि ‘पुसदची भिल्ली’

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हणजे सनदा, महजर, वतनाचे कागद व पोथ्या, असें आपण गृहीत धरून चालतों. यवतमाळ जिल्ह्यांतील कोलाम समाजाची परंपरा मात्र मुखानेंच चालत आली आहे. केळापूर, वणी, मारेगांव, झरी-जामणी व घाटंजी या तालुक्यांत डोंगराच्या आश्रयानें त्यांची वस्ती असून तिला ‘पोड’ म्हणतात. सभोंवार मराठी मुलूख व मध्यें स्वभाषा राखून राहिलेलें पोड, हें भूमीवरील द्वीपच होय.

या समाजासंबंधीं जें लिखित आहे तें परक्यांच्या हातचें. तें कसें वाचावें याचें एक उदाहरण येथें देतों. ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीचा चौथा खंड १९०६ सालीं प्रसिद्ध झाला. तो मुंडा व द्राविडी भाषांचा असून त्यांत पुसदच्या ‘भिल्ली’ची नोंद आहे. भिल्ली ही तर आर्यकुळांतील. मग ती या खंडांत कां? पुसद तालुका पूर्वीं वाशीम जिल्ह्यांत होता. १९०५ सालीं तो जिल्हा मोडल्यावर यवतमाळांत आला. तेथील एका बोलीस ‘भिल्ली’ हें नांव पडलें होतें; परंतु नमुना तपासतां ती कोलामीच्या नात्यांतील द्राविडी बोली ठरली. मथळा एक सांगतो व मजकूर दुसरें, हा दप्तरांतला नित्याचा अनुभव येथेंही खरा ठरतो.

नामसादृश्यानें दुसराही घोटाळा होतो. कोलाम स्वतःस ‘कोलावर’ म्हणवितात. म्हणून ते छोटा नागपुराकडील कोलांचे भाऊबंद ठरत नाहींत. कोलांच्या हो, मुंडारी या बोली मुंडा कुळांतील आहेत. कोलामी ही शेजारच्या गोंडीची शाखाही नव्हे. घरास कोलामींत ‘एल्ला’, तेलुगूंत ‘इल्लु’, तर गोंडींत ‘रोन’ म्हणतात. एका शब्दावरून कुळ ठरत नाहीं हें खरें. परंतु व्याकरणाच्या आधारें विद्वानांनीं कोलामी, नाईकी, परजी व गदबा यांचा गट गोंडीहून निराळा मानिला आहे. शेजारच्या आदिलाबाद भागांत गोंड लोक स्थानिक देवतांच्या पूजेस कोलाम पुजारी बोलावीत. त्या भूमींत कोलाम अधिक जुने असावेत, असा तर्क यावरून करतां येतो. तो अर्थात् तर्कच.

सेतुमाधवराव पगडी यांचें कोलामी व्याकरण १९५० सालीं व एमेनो यांचा ग्रंथ १९५५ सालीं निघाला. २०११ च्या खानेसुमारींत कोलामी भाषिक सुमारें १ लक्ष २८ हजार भरले. त्यांची नवी पिढी मराठी शाळेंत शिकते. घरची भाषा सुटली तर तिच्याबरोबर साक्षही जाईल. म्हणून पोथ्यांच्या शोधार्थ त्या बाजूस जाणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं पोडांचीं व देवतांचीं कोलामी नांवें, नात्यांचे शब्द आणि म्हणी, सांगणाराच्या अनुमतीनें, गांव व तिथि यांसह टिपून ठेवाव्या. उच्चार ऐकूं येईल तसाच लिहावा, तो मराठी वळणावर नेऊं नये. अशी एक वही जुन्या महजराइतकीच संग्रहास योग्य आहे.