पाट आणि पांझरा यांच्यामध्ये

१८१९ साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी खानदेशचे मुख्य ठाणे म्हणून धुळे निवडले, तेव्हा ते ४०१ घरांचे, २,५०९ वस्तीचे लहान गाव होते. एका अंगास पाट, दुसऱ्या अंगास पांझरा, भोवती बागायत. तेथे नवे शहर वसावे म्हणून त्यांनी घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या. पक्की घरे बांधण्यास जुन्या रहिवाशांना व बाहेरून येणाऱ्यांना उचलही दिली. हेतू उघड होता : माणसे यावीत, व्यापार वाढावा. धुळ्यात आजही गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात, याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटते.

पण १८७२ च्या पुराने शहरातील घरादारांची मोठी हानी केली. घर कोठे बांधावे एवढे सांगून भागत नाही. कोठे बांधू नये हेही कुणीतरी सांगावे लागते. ते सांगण्यास कायद्याने बराच काळ घेतला. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. आता नद्यांच्या काठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळ्या रेषेच्या आतला पट्टा राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत निषिद्ध क्षेत्र आहे. त्या पट्ट्यात ज्याची आयुष्यभराची पुंजी अडकली, त्याला हा नियम जाचक वाटतो, आणि आम्ही त्याला दोष देणार नाही. मात्र त्याने भराव घालून आपले जोते उंच केले, की पुराचे पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर चढते.