एक खेळ, अनेक किमती : 'स्टीम' या दुकानाची आणि त्याच्या अदृश्य नाक्यांची कथा

१/१९
२० नोव्हेंबर २०२३. ब्युनोस आयर्स आणि इस्तंबूल या दोन दूरच्या शहरांतील खेळाडूंना एकाच दिवशी एकच धक्का बसला. संगणकावरील खेळ विकणाऱ्या 'स्टीम' या महाकाय ऑनलाइन दुकानातून अर्जेंटिनाचा पेसो आणि तुर्कस्तानचा लिरा ही दोन्ही चलने नाहीशी झाली. किमती डॉलरमध्ये दिसू लागल्या आणि असंख्य खेळ एका रात्रीत कित्येक पटींनी महाग झाले. ही लूट होती की अपरिहार्यता? उत्तर शोधण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सपर्यंत मागे जावे लागते.

२/१९
ज्यूल ड्युपुई हा फ्रेंच सरकारच्या सेवेतील अभियंता. रस्ते आणि पूल हे त्याचे क्षेत्र. १८४४ साली त्याने एक प्रश्न मांडला : पुलावरचा टोल किती असावा? दर चढा ठेवला तर गरीब मजूर पूल ओलांडणार नाही. उतरता ठेवला तर पुलाचा खर्च निघणार नाही. मग ज्याची जितकी ऐपत, तितका दर का आकारू नये? पुढे १९२० मध्ये आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने अशा भेदाचे तीन प्रकार सांगितले. ग्राहकांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा दर लावणे हा त्यांतील तिसरा. देशागणिक किंमत हे त्याचेच रूप.

३/१९
ड्युपुईचे दुसरे निरीक्षण अधिक बोचरे आहे. त्या काळी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना अनेकदा छप्पर नसे. छपराचा खर्च वाचवणे हा त्यामागचा हेतू नव्हता. दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्या प्रवाशाने स्वस्त डब्यात बसू नये, यासाठी तो डबा मुद्दाम गैरसोयीचा ठेवला जाई. मार त्या प्रवाशाला चुकवायचा होता. भिजत मात्र गरीब होता. जिथे एकाच वस्तूच्या दोन किमती असतात, तिथे मध्ये एक नाका उभा करावाच लागतो.

४/१९
नाका म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत मुंबईच्या वेशीवर जकातीसाठी मालमोटारींच्या रांगा लागत. मालमोटार अडवता येते, कारण ती दिसते. तारेतून क्षणात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचणाऱ्या खेळाला कोणत्या वेशीवर अडवणार? स्टीमच्या वीस वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

५/१९
डिजिटल युगापूर्वीचे नाके वस्तूवरच कोरलेले असत. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून अभियांत्रिकीचे परदेशी पाठ्यपुस्तक घेतलेल्या कोणालाही ते आठवतील : पातळ कागद, साधे मुखपृष्ठ, कमी किंमत आणि 'केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी' अशा अर्थाची ओळ. डीव्हीडी आली तेव्हा तर जगाचे सहा विभाग पाडले गेले. अमेरिका पहिल्या विभागात, युरोप आणि जपान दुसऱ्यात, भारत पाचव्यात. एका विभागाची चकती दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर चालू नये, अशी ती व्यवस्था होती.

६/१९
आता मुख्य पात्राचा प्रवेश. मायक्रोसॉफ्ट सोडून आलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये 'व्हॉल्व्ह' ही कंपनी काढली. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'ने तिला कीर्ती दिली. १२ सप्टेंबर २००३ रोजी तिने 'स्टीम' लोकांसमोर आणले. लष्करी गणवेशासारख्या हिरवट रंगाची ती एक छोटी खिडकी होती. 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या खेळांच्या सुधारित आवृत्त्या सर्व खेळाडूंपर्यंत एकाच वेळी पोहोचवणे, हे तिचे आरंभीचे काम. दुकान ही तिची ओळख नंतर घडली.

७/१९
१६ नोव्हेंबर २००४ रोजी 'हाफ-लाइफ २' आला. दुकानातून खोके विकत आणले, तरी खेळ सुरू करण्यासाठी स्टीमचे खाते अनिवार्य होते. खेळाडू संतापले, पण एक मूलभूत बदल घडून गेला होता. खोक्यातील चावी एकदा खात्याला जोडली की ती कायमची त्याच खात्याची. खेळ मित्राला देणे, जुन्या बाजारात विकणे, सारे संपले. २००५ पासून इतर निर्मात्यांचे खेळही येथे विकले जाऊ लागले. नाक्याचा पाया असा घातला गेला.

८/१९
नाक्याचा पहिला मोठा दणका २००७ च्या ऑक्टोबरात बसला. 'द ऑरेंज बॉक्स' हा व्हॉल्व्हचा खेळसंच थायलंड आणि रशियात पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच स्वस्त होता. पाश्चात्त्य खेळाडूंनी तेथील विक्रेत्यांकडून चाव्या मागवल्या. व्हॉल्व्हने त्या चाव्याच निकामी केल्या. पैसे रीतसर मोजलेले, प्रत अस्सल. तरीही खेळ बंद. कारण एकच : ती प्रत ज्या देशासाठी होती, तो ग्राहकाचा देश नव्हता.

९/१९
याच सुमारास थायलंडचाच संबंध असलेला दुसरा वाद अमेरिकेत आकार घेत होता. सुपाप कर्टसांग हा अमेरिकेत शिकणारा थाई विद्यार्थी. मायदेशातील नातेवाइकांकडून तो स्वस्त पाठ्यपुस्तके मागवी आणि अमेरिकेत विकी. जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने त्याच्यावर दावा लावला. ज्युरीने ६ लाख डॉलरची भरपाई ठोठावली. १९ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरवला. परदेशात छापलेले असले तरी कायदेशीररीत्या विकत घेतलेले पुस्तक त्याच्या मालकाला पुन्हा विकता येते, असे न्यायालयाने म्हटले.

१०/१९
दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो. कागदाचे पुस्तक घेणारा त्या प्रतीचा मालक होतो; स्टीमवरचा खेळ घेणाऱ्याला मिळतो तो वापराचा परवाना. पुस्तकाचा नाका न्यायालयाने मोडला. खेळाचा नाका अभंग राहिला, कारण तो वस्तूवर नसून खरेदीदाराच्या खात्यातच होता.

११/१९
डिसेंबर २००८ मध्ये युरोपात किमती डॉलरऐवजी युरोत दिसू लागल्या. अनेक खेळांचा आकडा तोच राहिला, बदलले ते फक्त चिन्ह. त्या वेळी एक युरो एका डॉलरहून बराच महाग होता. युरोपातील किमतीत मूल्यवर्धित कर अंतर्भूत असतो, हे खरे. तरीही 'एक युरो म्हणजे एक डॉलर नव्हे' ही तक्रार तेव्हापासून रूढ झाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : स्टीमवरील खेळाची किंमत त्याचा प्रकाशक ठरवतो, व्हॉल्व्ह स्वतःच्या खेळांपलीकडे केवळ शिफारस करते.

१२/१९
देशागणिक किमतीची उजळ बाजू रशियात दिसली. तेथे सारे जण चोरीच्याच प्रती वापरतात, मग दुकान कशाला, असा सल्ला व्हॉल्व्हला मिळत असे. न्यूएल यांचे मत निराळे होते : चोरीचे मूळ मुख्यतः गैरसोयीत असते. स्थानिक भाषा आणि वेळेवर प्रकाशन मिळाले, तर लोक पैसे देतात. २०११ मध्ये त्यांनी रशियाची गणना आपल्या युरोपातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांत केली. पुलावर न येणारा मजूर पुलावर आला होता.

१३/१९
सप्टेंबर २०१४ मध्ये दुकानाचा चेहरामोहरा बदलला. गडद निळ्या रंगाच्या नव्या मुखपृष्ठावर प्रत्येकाला त्याच्या आवडीनिवडीनुसार वेगळे खेळ दिसू लागले. तोवर दुकानाची दर्शनी खिडकी बव्हंशी सर्वांना सारखी होती. आता ती माणसागणिक बदलली. किंमत मात्र देशानुसारच ठरत होती. एकाच दुकानात उभे असलेले दोन ग्राहक आता वेगळा माल आणि वेगळे दर पाहत होते.

१४/१९
त्यानंतर तीन महिन्यांतच रूबल कोसळला. वर्षारंभी डॉलरला सुमारे ३३ असलेला रूबल १६ डिसेंबर २०१४ च्या 'काळ्या मंगळवारी' काही काळ ८० च्या आसपास घसरला. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर १७ टक्क्यांवर नेला. स्टीमवरील रूबलमधील किमती डॉलरच्या हिशेबात मातीमोल झाल्या आणि परदेशी खरेदीदार तिकडे वळले. व्हॉल्व्हने त्याच महिन्यात रशिया व आसपासच्या देशांतून बाहेर भेट पाठवण्याची वाट बंद केली. चलन पडले की नाका उंच होतो, हा नियम येथे प्रथम स्पष्ट झाला.

१५/१९
नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर भारतीय रुपया आला. तोवर येथील खेळाडूला डॉलरमध्ये आणि बहुधा आंतरराष्ट्रीय कार्डावर खरेदी करावी लागे. डॉलर तेव्हा ६६ रुपयांच्या आसपास होता. ६० डॉलरचा खेळ म्हणजे जवळपास ४,००० रुपये. महाविद्यालयीन मुलाला तो परवडणे कठीण, म्हणून फुटपाथवरची बनावट सीडी हाच पर्याय. रुपयाबरोबर अनेक प्रकाशकांनी विनिमय दराहून कमी किमती लावल्या, काहींनी नाही. पण एका पिढीला अस्सल प्रत घेण्याची सवय लागण्यात या बदलाचा वाटा मोठा आहे.

१६/१९
नाके मात्र वाढत गेले. मे २०१७ पासून भेट दिलेला खेळ साठवून ठेवता येईना. दोन देशांच्या किमतीत मोठी तफावत असेल तर भेट पाठवताच येईना. २०२१ मध्ये खात्याचा देश बदलण्यावर तीन महिन्यांतून एकदाच अशी मर्यादा आली. युरोपीय संघाला हे नाके खुपले, कारण त्याच्या अंतर्गत बाजारात सीमा नसणे हेच त्याचे ब्रीद. पोलंड, चेकिया, हंगेरी यांसारख्या देशांत विकलेल्या चाव्या इतर सदस्य देशांत चालू न दिल्याबद्दल २० जानेवारी २०२१ रोजी युरोपीय आयोगाने व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. २७ सप्टेंबर २०२३ रोजी व्हॉल्व्हचे अपीलही फेटाळले गेले.

१७/१९
आता पुन्हा अर्जेंटिना आणि तुर्कस्तान. दोन्ही चलने वर्षानुवर्षे घसरत होती. जुन्या किमती तशाच राहिल्याने तेथे खेळ जगात सर्वांत स्वस्त झाले आणि परदेशी खेळाडू खोटा पत्ता दाखवून तेथून खरेदी करू लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हॉल्व्हने शिफारशी सुधारल्या : ६० डॉलरच्या खेळासाठी दोन्ही देशांतील शिफारस साडेचारशे टक्क्यांहून अधिक वाढली. तरीही चलन थांबेना. अखेर विनिमय दरातील अस्थिरतेचे कारण देऊन पेसो आणि लिरा हटवण्यात आले. तीन आठवड्यांनी अर्जेंटिनाच्या नव्या सरकारने पेसोचा अधिकृत दर डॉलरला सुमारे ३६६ वरून ८०० वर नेला. त्या वर्षीची तेथील महागाई २११ टक्के होती. व्हॉल्व्हची भीती निराधार नव्हती. पण त्या स्वस्ताईचा फायदा उपटणारे परदेशी आपापल्या घरी परतले. किंमत मोजायला मागे राहिले ते स्थानिक, ज्यांचा पगार पेसोतच होता.

१८/१९
याच निर्णयाला दुसरी बाजूही आहे. नव्या रचनेत लॅटिन अमेरिका आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका असे दोन डॉलर-विभाग झाले. बोलिव्हिया किंवा इजिप्तचा खेळाडू पूर्वी थेट अमेरिकन किंमत मोजत असे. त्याला आता विभागीय सवलतीची शक्यता मिळाली. नकाशावरची एक रेघ सरकली. कोणी आत आले, कोणी बाहेर फेकले गेले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर स्टीमच्या खरेदीपानावर एक छोटी सूचना झळकली : येथे मिळतो तो उत्पादनाचा परवाना. २००४ पासूनचे सत्य वीस वर्षांनी दुकानाच्या पाटीवर आले.

१९/१९
स्थानिक किंमत म्हणजे धर्मादाय नव्हे आणि हक्कही नव्हे. स्थिर चलन आणि भक्कम नाका या दोन खांबांवर ती उभी असते. पहिला खांब ढासळला की दुसरा उंच केला जातो. तोही अपुरा पडला की सवलतच जाते. रुपयातील किंमत आज टिकून आहे, कारण रुपयाने पेसोची वाट धरलेली नाही. ड्युपुईच्या त्या उघड्या डब्यातील प्रवाशाला आपण कोणामुळे भिजतो आहोत, हे ठाऊक नव्हते. खरेदीची कळ दाबणाऱ्या आजच्या खेळाडूला निदान ते ठाऊक असावे.

(समाप्त)