प्रवासाला निघालेले घड्याळ

घड्याळाची खरी परीक्षा भिंतीवर होत नाही, ती वाटेवर होते. ह्यूगेन्सने १६५६ साली घड्याळाला लंबक जोडला आणि घरातली वेळ अचूक झाली. पण गलबताच्या हेलकाव्यांत तोच लंबक निरुपयोगी ठरे. समुद्रावर रेखांश जाणायचा तर बंदरातील वेळ बरोबर न्यावी लागे. ती नेता येईना, म्हणून जहाजे वाट चुकत आणि माणसे बुडत. १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने या प्रश्नाच्या उत्तरासाठी २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस लावले.

ते उत्तर जॉन हॅरिसन या सुताराने दिले. मोठमोठी सागरी घड्याळे करण्यात अनेक वर्षे घालविल्यावर त्याने तळहाताएवढे, वेगाने ठोके देणारे एक घड्याळ घडविले. १७६१ साली ते जमेकाच्या सफरीवर निघाले. त्याची नेहमीची चाल जमेस धरता ८१ दिवसांत चूक पडली ती अवघ्या पाच सेकंदांची!

पुढे १९५५ साली टेडिंग्टन येथे एसेन आणि पॅरी यांनी सीझियमचे अणुघड्याळ चालविले. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर बसविण्यात आली. त्यानंतर प्रकाशाची घड्याळे आली. स्ट्रॉन्शियमच्या घड्याळातील प्रकाश याहून सुमारे ४७,००० पट वेगाने कंप पावतो. ही कंपने मोजण्यासाठी लेसरही तितकाच स्थिर हवा. त्याला दोन आरशांमधील अंतराशी बांधून ठेवतात. हे अंतर प्रोटॉनच्या व्यासाहूनही कमी हलले, तरी लेसरचा सूर बिघडतो.

असे नाजूक यंत्र गाडीत कसे घालावे? जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. २०११ साली टेडिंग्टनच्याच प्रयोगशाळेत पाच सेंटिमीटरचा एक काचेचा घन तयार झाला. त्याचे कोपरे छाटून त्याला चार बिंदूंवर असा धरला की, पकडीचा दाब आरशांमधील अंतराला बाधू नये. धक्का टाळता येत नाही, तेव्हा तो निष्प्रभ करायचा, हेच हॅरिसनचेही धोरण होते.

खालचे घड्याळ वरच्यापेक्षा मंद चालते, हे आइन्स्टाइनने सांगितले होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जपानी शास्त्रज्ञांनी अशी दोन वाहून नेता येणारी घड्याळे टोकियोच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी व ४५० मीटर उंचीवर ठेवून तो फरक मोजला. हॅरिसनच्या घड्याळाने खलाशाला त्याचा रेखांश सांगितला. आजचे घड्याळ आपण उभे आहोत त्या जागेची उंची सांगते.